काकाजींचे पाय आणि नसांची गोळी

काकाजींच्या पायांत चपला दिसल्या की मिलमधल्या माणसांना कळायचं, मालक घरी निघाले. एरवी ते अनवाणी. सकाळी फाटकाशी चपला काढायच्या आणि दिवसभर त्यांची आठवण काढायची नाही. संध्याकाळी निघताना ज्या हाती लागतील त्या घालायच्या. कधी दोन्ही एकाच पायाच्या असत, कधी एक वखारीतल्या हमालाची असे. तो हमाल बिचारा दुसऱ्या दिवशी एका चपलेवर यायचा आणि मुकाट्यानं अदलाबदल करून घ्यायचा. यावर मिलमध्ये कुणी हसतसुद्धा नसे, इतकं ते रोजचं झालं होतं.

गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची राइस मिल होती. उसना, म्हणजे उकडा तांदूळ काढायची. धान हौदात भिजवायचं, मग वाफेवर उकडायचं, मग वाळवायचं आणि मग भरडायचं. मोठ्या मिलमध्ये वाळवायला यंत्रं आली. काकाजींकडे सिमेंटचं मोठं पटांगण होतं आणि वर ऊन होतं. बाया रांगेनं पाय घासत त्या धानातून फिरायच्या, म्हणजे खालचं वर व्हायचं. मी तिथलं ऑफिस सांभाळायची. ट्रकवाल्यांचे फोन, बिलं, बारदाना, आणि फावल्या वेळात काकाजी.

धान किती वाळलं हे काकाजी पायांनी ठरवत. कमी वाळलं तर ढिगात तापतं आणि वास मारतं. जास्त वाळलं तर भरडताना तुटून कनकी होते. या दोन्हींच्या मधली वेळ त्यांच्या तळव्यांना कळायची, असं ते सांगत आणि ते खरंही होतं. हात पाठीमागे बांधून ते पटांगणावर सावकाश चालत. मध्येच थांबत, बोटं आखडून धानात रुतवत, मान तिरकी करत. आणि मग एकदम ओरडत, "सावडा!" की बाया धान गोळा करायला धावल्याच. धान अजून थोडं राहू द्यावं असं कुणाला वाटलं तरी विचारायची सोय नव्हती. पटांगणावर काकाजींनी कधी कुणाला काही विचारलं नाही.

एकदा रायपूरचा एक व्यापारी ओल मोजायचं छोटं यंत्र घेऊन आला. काकाजींनी ते हातातही घेतलं नाही.

"या डब्बीले पाय हायेत का?"

"नहीं है, काकाजी."

"मंग इले धानातलं काय समजते?"

माणूस म्हणून ते चांगले होते आणि सोबतीला कठीण होते. समोर आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, "आज भाजी काय होती?" तहसीलदार असो की टायरवाला. उत्तरावरून ते माणूस जोखत. वांगी सांगितली तर भरवशाचा. "आज काही नाही, हॉटेलातच खाल्लं" म्हणणाऱ्याला ते उधारीवर पोतंभर तांदूळही देत नसत. चहात साखर टाकत नसत आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. बशीत गुळाचा खडा मात्र असे. मी एकदा म्हटलं, "काकाजी, गूळ पण साखरच आहे." ते म्हणाले, "बाई, गूळ ऊसाचा असते. साखर फॅक्टरीची." पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझा ट्रक खोळंबला होता.

शुगर त्यांना कित्येक वर्षांपासून होती. गोळ्या घेत, पण भात सोडत नसत. "राइस मिलचा मालक पोळी खाईल त लोक तांदूळ काऊन घेतीन?" हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या बायकोला आम्ही काकीजी म्हणायचो. त्या घरी त्यांच्याशी पोवारीत भांडत आणि मिलमध्ये आल्या की मराठीत. दोन्ही भाषांत हरत.

मग पाय जळायला लागले.

आधी त्यांनी सांगितलं नाही. मला दिसलं ते असं की काकाजी ऑफिसात येऊन बसले की हळूच ओलं बारदान पायांखाली ओढून घेत. काय झालं विचारलं तर म्हणत, "गरमी." मग थंडी पडली तरी बारदान ओलंच. तेव्हा मी सरळ विचारलं आणि ते सरळ बोलले.

"मुंग्या नाही बाई, माकोडे. आतून डसून राहिले. रातीले पांघरूण पायाले लागलं त वाटते कोनी निखारा ठेवला."

काकीजींनी मोहाचं तेल चोळून पाहिलं, देवघरातल्या गार फरशीवर पाय ठेवायला लावले. शेवटी काकाजी गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मीच घेऊन गेले, कारण त्यांची दोन्ही मुलं नागपूरला होती आणि मिलची गाडी चालवायला मला येत होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी सांगितलं, हे शुगरमुळे नसांचं दुखणं आहे, साखर आटोक्यात आणा, आणि जळजळीसाठी ही एक गोळी रात्री जेवणानंतर. पाय नीट तपासायचे आहेत, पुढच्या आठवड्यात या.

पुढच्या आठवड्यात काकाजी गेले नाहीत. हंगाम सुरू झाला होता.

गोळीच्या खोक्यातून बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद निघाला. काकाजींनी तो सकाळी माझ्या टेबलावर पसरला. "वाच."

"हे डॉक्टरांसाठी असतं, काकाजी."

"गोळी डॉक्टर खाते का मी खातो?"

हे काही चुकीचं नव्हतं. मी वाचून मराठीत सांगितलं. झोप येणं, चक्कर, तोंड कोरडं पडणं, नजर अंधुक होणं, वजन वाढणं, पायांवर सूज, विसरभोळेपणा. ते प्रत्येकाला मान डोलावत होते, लग्नात आहेराची यादी ऐकावी तसे. मी असंही सांगितलं की हे सगळं सगळ्यांना होत नाही, बऱ्याच जणांना काहीच होत नाही. ते त्यांना ऐकू आलं नाही.

दुपारपर्यंत त्यांचं तोंड कोरडं पडलं. दुसऱ्या दिवशी नजर अंधुक झाली, कारण चष्मा हमालाकडे राहिला होता. तिसऱ्या दिवशी विसरभोळेपणा आला म्हणून सांगायला ते ऑफिसात आले आणि त्याच दमात मला दहा वर्षांपूर्वीच्या एका ट्रकचा नंबर बरोबर सांगून गेले. मी मग तो कागद वाचून दाखवणं बंद केलं. काकाजींनी तो बँकेतल्या एका पोराकडून वाचून घेतला. त्यात गर्भवती स्त्रियांबद्दल ओळ होती. संध्याकाळी येऊन गंभीरपणे म्हणाले, "एवढा एक सोडून सारे होतीन."

बाया हसून लोळल्या. त्यांत पुढे असायची पारबताबाई. पटांगणावरच्या बायांची ती म्होरकी, काकाजींहून थोडी लहान, आणि त्यांना तोंडावर बोलणारी मिलमधली एकटीच.

"काकाजी, सूज नाही आली का वो अजून?"

"येईल, येईल. तू कायले घाई करून राहिली?"

या थट्टेत खरी गोष्ट मागे पडली. गोळी रात्रीची होती आणि काकाजी ती सकाळी खात होते. त्यांच्या हिशेबानं महत्त्वाचं काम सकाळीच करायचं असतं. रात्री घेतलेलं औषध झोपेत वाया जातं असं त्यांना वाटायचं. मला हे माहीत नव्हतं, काकीजींना माहीत होतं आणि त्यांना ते बरोबर वाटायचं.

परिणाम असा झाला की एका दुपारी काकाजी पटांगणाच्या कडेला पोत्यांच्या थप्पीला टेकले आणि गाढ झोपले. पटांगणभर धान पसरलेलं. पूर्वेकडून, सालेकशाच्या डोंगरांवरून ढग चढून आले. अवकाळी होतं, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाया ढगांकडे बघत होत्या आणि काकाजींकडे बघत होत्या. "सावडा" म्हटल्याशिवाय सावडायचं नाही, हा त्या मिलचा कायदा. हात लावायची कुणाची छाती होईना. पारबताबाई धावत ऑफिसात आली. मी बाहेर जाऊन बघितलं आणि म्हटलं, "गोळा करा, ताडपत्री टाका." निम्मं वाचलं. निम्म्यावर पाऊस पडला.

काकाजी थेंब तोंडावर पडल्यावर उठले. सगळा प्रकार बघून ते कुणावर चिडले नाहीत. खिशातली गोळ्यांची पट्टी काढली आणि भट्टीत फेकली.

संध्याकाळी ऑफिसात आले तेव्हा थट्टेचा सूर नव्हता. "बाई, तुमी साऱ्या हासता. पन मी कायले भेतो ते समजून घ्या. आज झोप आली. उद्या हे पायच झोपले त? दुखनं मारनारी गोळी पायालेही मारते. जळते तवरिक जित्ते हायेत ना ते?"

मला तेव्हा त्यांची भीती नीट कळली. बाकीचे दुष्परिणाम ते मोजत होते, पण भीत होते ते या एकाला, आणि तो त्या कागदावर कुठेच नव्हता. पाय गेले म्हणजे पटांगण गेलं. पटांगण गेलं म्हणजे मुलं नागपूरहून येऊन मिल भाड्यानं देणार आणि काकाजी घरी बसून टीव्ही बघणार. मी म्हटलं, हेच डॉक्टरीणबाईंना विचारा. गोळी एकदम बंद करायची असते की नाही हेही विचारा. ते म्हणाले, "पाहू." पाहू म्हणजे नाही.

पुढे काही दिवसांनी एक ढीग बिघडला. काकाजींनी पायांनी पाहून सावडायला लावलेलं धान. रात्रभर झाकून ठेवलं आणि सकाळी ताडपत्री काढली तर आतून गरम, दमट वास. धान ओलं होतं. मिलमध्ये असं कधी झालं नव्हतं. काकाजी म्हणाले, ऊन खोटं होतं. थोड्या दिवसांनी दुसरा ढीग बिघडला, तेव्हा म्हणाले, धानच खराब आलं. मी गप्प राहिले, पारबताबाईही पहिल्यांदाच गप्प राहिली. ऊन चांगलं होतं, सगळ्यांच्या डोक्यावरच होतं.

आणि मग तो दिवस आला.

वाफेतून काढलेलं धान पटांगणावर ओततात तेव्हा त्यातून धूर निघावा तशी वाफ निघत असते. बाया लांब उभ्या राहतात. आधी लाकडी दाताळ्यानं पसरायचं, निवू द्यायचं, मग पाय घालायचा. त्या दिवशी धान नुकतंच ओतलं होतं. काकाजी फोनवर कुणाशी तरी बोलत बोलत आले आणि तसेच त्या धानात चालत गेले. घोट्यापर्यंत.

"अवो बाप्पा! काकाजी, निंघा तिथून!" पारबताबाई किंचाळली.

काकाजींनी फोन कानावरून काढला. "काऊन? काय झालं?"

"जळान ना! आत्ता ओतलं ते!"

त्यांनी खाली पाहिलं. पायांभोवती वाफ होती. "थंड त हाय," ते म्हणाले, आणि ते खरंच तसं समजत होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी ऑफिसच्या दारात उभी होते. आयुष्यात मला इतकी भीती वाटल्याचं आठवत नाही, आणि ती वाटली माणूस ओरडत नव्हता म्हणून.

दोघींनी धरून त्यांना बाहेर काढलं, नळाखाली बसवलं. पाणी ओतताना काकाजी सारखं म्हणत होते, "काही नाही झालं, तुमी पाहा, काही नाही झालं." थोड्या वेळानं दोन्ही तळव्यांवर पाण्याचे फोड धरले. ते फोड काकाजींनी बोटानं दाबून पाहिले.

गाडीत ते मागे बसले, पाय ओल्या फडक्यात. मिल मागे पडली, रेल्वेचं फाटक लागलं, मालगाडी गेली. गोंदियात शिरताना एवढंच म्हणाले, "काकीले फोन नको करू. भाजी चिरत असन ती."

डॉक्टरीणबाईंनी आधी जखम धुतली, पट्टी केली. मग पट्टीबाहेर उरलेल्या भागावर त्यांनी राहिलेली तपासणी केली. नायलॉनचा जाड दोरा असतो, एका काडीला लावलेला. तो पायाला टेकवतात आणि रुग्णानं डोळे मिटून सांगायचं, लागलं की नाही.

"काकाजी, लागलं की हो म्हणायचं."

"हाव."

"अजून लावला नाही."

"हाव, समजलं."

त्या दोरा टेकवत गेल्या. काकाजी डोळे मिटून ठामपणे म्हणत गेले, "हाव. हाव. हाव." शाळेत हजेरी द्यावी तसे. मध्येच डॉक्टरीणबाईंनी हात मागे घेतला. दोरा हवेत. काकाजी म्हणाले, "हाव." थोडं थांबून पुन्हा, "हाव."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "काकाजी, डोळे उघडा. मी आत्ता दोरा कुठं लावला होता?"

त्यांनी डोळे उघडले. दोरा त्यांच्या पायापासून हातभर लांब होता.

"मंग जळते ते काय जळते?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. घाई केली नाही, हे मी त्यांचं मोठेपण मानते. बाहेर रांग होती. त्यांनी सांगितलं की शुगरनं नसा खराब होतात तेव्हा दोन्ही एकदम होऊ शकतं. खरा चटका पोचत नाही आणि नसलेला चटका पोचतो. जळजळ म्हणजे पाय धड असल्याची खूण नाही. आणि गोळी पायांना बधिर करत नाही, ती फक्त हा खोटा निरोप थोडा दाबते. बधिरपणा साखरेनं आणला आहे, गोळीनं नाही.

"म्हंजे गोळी बंद केली तेव्हाही माहे पाय..."

"तेव्हाही असेच होते. आधीपासून."

मग काकाजींनी सगळे दुष्परिणाम काढले. एकेक. झोप, चक्कर, सूज, डोकं जड. मला वाटलं त्या वैतागतील. त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. झोप आणि चक्कर खरी असते, म्हणून रात्रीच घ्यायची आणि लहान डोसपासून सुरू करायची. नवीन गोळीवर गाडी चालवायची नाही, भट्टीजवळ उभं राहायचं नाही. सूज खरी असते, दिसली की लगेच सांगायचं. किडनीची तपासणी करून डोस ठरवायचा. आणि आपल्या मनानं बंद करायची नाही, नको वाटली तर येऊन भांडायचं.

"भांडायले येऊ?"

"या ना. पण गोळी घेत घेत या."

काकाजींनी शेवटचा प्रश्न विचारला. "धान पाहता येईल का?"

"पायांनी नाही," त्या म्हणाल्या. "आता कधीच नाही. अनवाणी घरातसुद्धा नाही. ही जखम हाडापर्यंत गेली तर बोटं काढावी लागतील, काकाजी. आता गेली नाहीये. तिथंच थांबवू."

परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "आज डब्ब्यात भाजी काय होती?" मी म्हटलं, भेंडी. ते म्हणाले, "बरी हाय." मला एवढ्यानं बरं वाटलं.

जखम भरायला वेळ लागला. काकाजी घरी आणि मिल माझ्या फोनवर. काकीजी या काळात वेगळ्याच निघाल्या. नवऱ्याचे पाय मांडीवर घेऊन, दारातल्या उजेडात, रोज सकाळी बोटांच्या बेचक्यासुद्धा बघायच्या. भात एक वाटी केला आणि वर ज्वारीची भाकर. काकाजींनी तो जुना मुद्दा काढला, राइस मिलचा मालक वगैरे. काकीजी म्हणाल्या, "दार लावून खाजा. कोनी पाहत नाही." काकाजींनी खाल्ली. मग एक दिवस दार उघडं ठेवून खाल्ली.

गोळी रात्रीच्या जेवणानंतर सुरू झाली. जळजळ पूर्ण गेली नाही, तसं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंही होतं. पण पांघरूण पायांवर घेऊन झोपता येऊ लागलं. काकीजींच्या म्हणण्यानुसार घोरणं परत आलं, ते ऐकून त्यांनाच झोप लागेना.

मध्ये डोस वाढवला तेव्हा काकाजींचा फोन आला. "बाई, सूज आली."

मी आधी हसले. नागपूरच्या मुलानं तर "बाबा, पुन्हा तुमचं सुरू झालं का" म्हणून फोन ठेवला होता. तरी संध्याकाळी मी घरी गेले आणि घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि तो भरून येईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी तपासणी केली, ती गोळी हळूहळू कमी करत नेली आणि दुसऱ्या जातीची दिली. सूज उतरली. काकाजींना बरं वाटण्यापेक्षा आपण खरं बोललो होतो याचा आनंद जास्त झाला. मुलाला त्यांनी स्वतः फोन लावला आणि पहिलं वाक्य टाकलं, "आली होती सूज. बाईनं दाबून पाह्यली."

बूट घ्यायला मीच गोंदियाच्या बाजारात गेले. मऊ कापडी, एक नंबर मोठे, आत शिवण नको, असं सगळं सांगून आणले. काकाजी ते घालून मिलमध्ये आले त्या दिवशी हमालांनी माना वळवल्या. नवी नवरी घरात येते तसं ते फाटकातून आत आले, पाय जपून टाकत. पटांगणाच्या कडेपर्यंत गेले आणि थांबले. समोर धान पसरलं होतं, बाया फिरत होत्या. बूट घालून धानात जायचं नाही. अन्न आहे ते. बूट काढायचे नाहीत. ते कडेला उभे राहिले आणि मला वाटलं, आता हा माणूस घरी जाणार आणि परत येणार नाही.

त्यांनी ऑफिसातून लाकडी पाट मागवला. तो पटांगणाच्या कडेला ठेवून त्यावर बसले, बुटातले पाय बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि कोपरापर्यंत हात धानात खुपसले. डॉक्टरीणबाईंनी हात तपासले होते, ते शाबूत होते. थोडं धान तळव्यात चोळलं, गालाला लावलं, एक दाणा दाढेखाली फोडला. मग पाट पुढे सरकवला. संपूर्ण पटांगणाची कड त्यांनी अशी पाटावर बसून सरकत सरकत फिरून काढली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकाजींना ऐकू येत होतं.

पहिला ढीग फार वाळला. तांदळापेक्षा कनकीच जास्त निघाली. "हाताची कातडी पातळ असते," ते म्हणाले, "तिले गरम जास्त लागते." पुढच्या वेळी त्यांनी थोडं आधी सावडायला लावलं. तो थोडा ओला निघाला, पण पुन्हा पसरून वाचवता आला. रायपूरच्या व्यापाऱ्याची डब्बी मी त्यांना न विचारता मागवून टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली, उचलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तिच्यात धानाचे दाणे होते. आम्ही दोघांनीही विषय काढला नाही.

मी ती मिल सोडली ते आणखी दीड-दोन हंगामांनी. सासूबाईंचं दुखणं निघालं आणि घराजवळचं काम बघावं लागलं. काकाजी अजून मिलमध्ये जातात, बूट घालून. काकीजी अजून रोज पाय बघतात. आठवतात त्या मात्र पाटावर सरकणाऱ्या काकाजींच्या पहिल्या महिन्यातल्या सकाळी, आणि त्यातली एक.

तिसरा ढीग होता. रात्रभर झाकलेला. सगळे जमले होते, कारण हा बिघडला असता तर मुलं रविवारी येणार होती आणि त्यांनी मिल भाड्यानं घेणारा माणूस शोधून ठेवला होता, हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. ताडपत्री काढली. काकाजी बुटांसकट ढिगाशेजारी गुडघ्यावर बसले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ तसेच राहिले. हात बाहेर काढला, हुंगला. मग मागे वळून पाहिलं.

"पारबता, तू पाय घालून पाहा. तुले काय वाटते?"

पारबताबाई जागची हलली नाही. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. "तुमच्या हाताले काय वाटलं?"

"बराबर वाटलं."

"मंग मले काऊन विचारता?"

"पाय धड असते त कोनालेच नसतं विचारलं," काकाजी म्हणाले. "नव्हतं विचारलं म्हून त उकळत्या धानात गेलो. जाय, पाहा."

तिनं चप्पल काढली, ढिगावर चढली, पाऊल रुतवलं, टाच फिरवली. सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे. काकाजींचेही.

"बराबर हाय," ती म्हणाली. आणि मग, आपल्याला विचारलं गेलंय हे एकदम लक्षात येऊन, "या बाजूनं उल्लीसं दमट हाय. ते आधी भरडा."

"आयकलं का?" काकाजी हमालांवर ओरडले. "ते आधी!"